मॉस्किटोचे सांधे

डी हॅविलंड मॉस्किटोचा एखादा फोटो घ्या, विमानाची उजवी बाजू दिसेल असा. पंखाच्या मागे, शेपटीच्या वाटेवर, धडावर एक लांबट लाकडी पट्टी आडवी बसवलेली आहे. रंगाखाली ती सहज लपते, पण ऊन तिरपं पडलं की तिची सावली उमटते आणि मग डोळा तिथेच अडकतो. बाकी सगळं अंग नितळ. ना रिव्हेट, ना पत्र्याचा जोड. मग याच जागी हे ठिगळ कशाला? नवखा माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा विमानवेड्यांच्या कोंडाळ्यातल्या जुन्या खोडांचे चेहरे उजळतात. उत्तर सांगायला निदान अर्धा तास मिळणार असतो ना!

२४ फेब्रुवारी १९४१. इंग्लंडमधल्या बॉस्कम डाउनच्या चाचणीतळावर मॉस्किटोचा पहिला नमुना, क्रमांक डब्ल्यू ४०५०, खडबडीत जमिनीवरून धावत होता. शेपटीखालचं चाक मोकळेपणी वळायला हवं, ते अडकलं. सगळा पीळ धडावर आला आणि मागच्या झडपेच्या आसपास ते तडकलं. कुठल्याही सुताराला यात नवल वाटणार नाही. फळीला भोक पाडलं की ती तिथूनच जाते. उपाय म्हणून झडपेच्या वरच्या अंगाला ही पट्टी आली आणि पुढे मॉस्किटोच्या अंगावर कायमची राहिली.

हे विमान वाचायला मी इथून सुरुवात करतो. मॉस्किटोच्या वेगाचं कौतुक इतक्यांनी केलं आहे की त्यात भर घालण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पण वेग हा परिणाम झाला. हे विमान उभं आहे ते सांध्यांवर. दोन लाकडं कुठे जोडली, कशाने जोडली, कोणी जोडली, हे पाहत गेलं की त्याचं सौंदर्य उलगडतं आणि त्याची दुखणीही तिथेच सापडतात.

या विमानाची मूळ कल्पनाच वजाबाकीची होती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश हवाई मंत्रालयाला बॉम्बर हवं होतं ते धातूचं, अवजड, चहूबाजूंनी मशीनगनचे फिरते घुमट बसवलेलं. कंपनीचा संस्थापक जेफ्री डी हॅविलंडने उलटा हिशोब मांडला. घुमट काढा. मग घुमटातला माणूस नको, त्याच्या गोळ्या नकोत, त्या सगळ्यांना वाहून न्यायला लागणारं जादा इंधन नको, त्या इंधनापायी वाढणारा पंख नको. उरतात दोन माणसं, दोन इंजिनं आणि बॉम्ब. विमान इतकं हलकं आणि चपळ करा की शत्रूच्या फायटरला ते गाठताच येऊ नये. संरक्षणासाठी एकही बंदूक नसलेलं बॉम्बर ही गोष्ट मंत्रालयाच्या गळी उतरणं कठीणच होतं. मंत्रालयातले एकटे सर विल्फ्रिड फ्रीमन पाठीशी उभे राहिले, आणि लोकांनी प्रकल्पाला नाव ठेवलं ‘फ्रीमनचा खुळेपणा’. तरीही १ मार्च १९४० रोजी पन्नास विमानांची मागणी नोंदली गेली.

लाकूड निवडण्यामागे भावुकपणा नव्हता. युद्धात ॲल्युमिनियमची ओढाताण होणार हे दिसत होतं, आणि फर्निचरचे कारखाने व त्यांतले कसबी हात मोकळे पडणार होते. शिवाय या कंपनीचा लाकडावरचा हात आधीपासून बसलेला. १९३४च्या इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यतीत जिंकलेलं त्यांचं कॉमेट लाकडाचंच होतं. १९३७च्या अल्बाट्रॉस या प्रवासी विमानाचं धड तर मॉस्किटोची रंगीत तालीमच म्हणावी असं.

ऑक्टोबर १९३९मध्ये आर. ई. बिशप यांच्या हाताखालची अभिकल्पकांची तुकडी हॅटफिल्डचा कारखाना सोडून सॅलिसबरी हॉलमध्ये आली. लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायरमधला हा खंदक असलेला जुना वाडा. एकेकाळी चर्चिलच्या आईचं बिऱ्हाड इथे होतं. वाड्याशेजारी शेतावरच्या कोठारासारखी दिसेल अशी शेड उभारली आणि तिच्यात पहिलं विमान बांधलं. ३ नोव्हेंबर १९४० रोजी ते रस्त्याने हॅटफिल्डला नेलं आणि २५ नोव्हेंबरला जेफ्री डी हॅविलंडच्या थोरल्या मुलाने, धाकट्या जेफ्रीने, ते उडवलं. प्रत्यक्ष आखणीपासून उड्डाणापर्यंत जेमतेम अकरा महिने. पुढच्या चाचण्यांत ताशी ३९०च्या आसपास मैलांचा वेग नोंदला गेला, त्या वेळच्या स्पिटफायरपेक्षा चांगलाच जास्त. मंत्रालयाचं तोंड तिथे बंद झालं.

आता जरा जवळ जाऊ.

धड एकसंध नव्हतं. नाकापासून शेपटीपर्यंत उभं चिरलेलं, शेंगेच्या दोन टरफलांसारखं, आणि प्रत्येक टरफलासाठी वेगळा साचा. साचे महोगनीचे, काही काँक्रीटचे. या साच्यावर आधी आतली त्वचा चढवायची: बर्चचं तीनपदरी प्लायवूड, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्या गोत्रातलं झाड. साल काढून केलेले त्याचे पातळ पापुद्रे उलटसुलट रेषांनी चिकटवले की ते वाकतं पण फाटत नाही. जिथे दोन्ही दिशांनी गोलाई आहे तिथे अखंड पत्रा वळत नाही, म्हणून अरुंद पट्ट्या कापून त्यांची टोकं तासून एकमेकांवर बसवायच्या. त्यावर साधारण सेंटिमीटरभर जाडीचा बाल्साचा थर, इक्वेडोरहून आलेल्या लाकडाचा. वर पुन्हा बर्चची त्वचा. मग पोलादी पट्टे आवळून सगळं दाबून धरायचं, सरस सुकेपर्यंत.

बाल्सा नखाने दाबला तरी खळगा पडतो. दोन मिलिमीटरचं प्लायवूड हातात धरलं तर लवतं. दोघांना एकत्र आणल्यावर मात्र जे होतं ते पाहून गणित शिकलेल्यालाही मजा वाटावी. वाकताना बाहेरची त्वचा ताणली जाते, आतली दाबली जाते. या दोघींमध्ये जितकं अंतर राखाल तितकं वाकवणं अवघड. बाल्साचं काम एवढंच, त्यांना एकमेकींपासून दूर ठेवायचं, आणि तेही जवळजवळ वजन न वाढवता. म्हणून धड आतून जवळपास रिकामं आहे. धातूच्या विमानात पावलोपावली दिसणाऱ्या फासळ्या इथे नाहीत. सात आडभिंती आणि बाकी मोकळी पोकळी. आजची विमानं आणि शर्यतीच्या मोटारी कार्बनच्या दोन त्वचांमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा घालून बनतात. तत्त्व तेच.

पण सगळीकडे बाल्सा नाही, आणि मला वाटतं अभिकल्पकाचा हात खरा तिथे दिसतो. पंख जिथे जोडायचा, झडप जिथे कापायची, आडभिंत जिथे टेकायची, तिथे बाल्सा थांबतो आणि टणक, सरळ रेषांचा स्प्रूस सुरू होतो. हा बदल बाहेरून कळत नाही. उघड्या टरफलाच्या आत मात्र दिसतो. बल कुठून येतं आणि कुठे जातं याचा नकाशाच बिशपच्या माणसांनी लाकडं बदलून काढून ठेवला आहे. पहिल्या नमुन्यात या नकाशाची एक रेघ कमी पडली. ती पट्टी बनून बाहेर चिकटली.

टरफलं उघडी असतानाच त्यांच्यात केबल, नळ्या, तारा, पंप बसवले जात. धातूच्या विमानात कामगाराला अंधाऱ्या नळकांड्यात रांगत जावं लागे. इथे बाया-पुरुष सरळ उभे राहून, उजेडात, हात लांब करून काम करत. मग दोन अर्ध्या भागांच्या कडा एकमेकींत बसवून सरस लावायचा आणि सांध्यावर आतून-बाहेरून प्लायवूडची पट्टी बसवायची. अख्ख्या धडाचा महत्त्वाचा सांधा तो हाच. शेवटी विमानाला अंगभर कापड गुंडाळायचं, मदापोलम नावाचं तलम सुती कापड. गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्रातल्या नरसापूरच्या परिसरात जे मदापोलम गाव आहे, त्याचं नाव या कापडाला मिळालेलं. त्यावर डोप नावाचं रोगण फासलं की ते आकसून घट्ट बसतं. मॉस्किटोचा तो नितळपणा असा, रिव्हेटच्या डोक्यांवाचून आलेला.

पंखाबद्दल थोडक्यात. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच आहे, साडेसोळा मीटर लांब. दोन पोकळ, पेटीसारखे लाकडी स्पार, म्हणजे पंखाचे कणे, वरच्या बाजूला प्लायवूडची दुहेरी त्वचा. धडाच्या खालच्या बाजूला खाच ठेवलेली असते. पंख तिच्यात बसवून बोल्टांनी आवळायचा. इंजिनांचे रेडिएटर बाहेर लोंबत नाहीत, पंखाच्या पुढच्या काठातच, धड आणि इंजिन यांच्या मधे घातलेले. इंजिनं अर्थात रोल्स-रॉइस मर्लिन. मर्लिनच्या आवाजावर लोक पानंच्या पानं लिहितात. ती त्यांनीच लिहावीत.

हे सगळं बांधलं कोणी? हाय वायकम हे गाव पिढ्यान् पिढ्या खुर्च्या करण्यासाठी प्रसिद्ध. तिथले आणि इतर ठिकाणचे फर्निचरवाले, पियानो बनवणारे, गाड्यांच्या लाकडी बॉडी करणारे असे अनेक लहानमोठे कारखाने भाग बनवून पाठवू लागले. पुढे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही मॉस्किटो बनलं आणि एकूण आकडा ७,७८१वर गेला. ‘लाकडी नवल’ असं लाडाचं नाव विमानाला मिळालं. मला ते नाव फारसं आवडत नाही. नवल म्हटलं की कारागिरी बाजूला पडते. फळी कोणत्या दिशेने चिरायची, सरस किती वेळ उघडा ठेवायचा, दाब कधी सोडायचा, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या रोजच्या कामातून हे विमान उभं राहिलं.

आणि काम जिथे हलगर्जी झालं तिथे ते मोडलंही. या प्रकरणाशी आपल्या भूमीचा सरळ संबंध आहे.

सुरुवातीच्या मॉस्किटोंमध्ये सरस होता केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला. कोरड्या हवेत उत्तम. पण दमट हवेत त्याला बुरशी लागते. नंतर युरिया-फॉर्मल्डिहाइडचे कृत्रिम सरस आले. केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रॉइन यांनी तयार केलेला एरोलाइट हा त्यांतलाच एक. १९४३पासून मॉस्किटो भारतात येऊ लागले. कलकत्त्याच्या अलीपूर धावपट्टीवरून ६८४ स्क्वाड्रनची विमानं ब्रह्मदेशावर जाऊन फोटो काढून आणत. १९४४च्या पावसाळ्यानंतर अपघात सुरू झाले. पंखाची वरची त्वचा स्पारपासून सुटत होती, आणि त्वचा सुटली की पंख राहत नाही. नोव्हेंबरमध्ये विमानं जमिनीवर उभी करावी लागली.

चौकशीसाठी कंपनीकडून मेजर हेरवर्ड डी हॅविलंड, थोरल्या जेफ्रीचे भाऊ, भारतात आले. त्यांचा निष्कर्ष असा की सरस खराब झालेला नाही. पावसाळी हवेने लाकूड आकसल्यामुळे हे झालं. थोडक्यात, दोष इथल्या हवेचा. पुढच्या तपासण्यांनी वेगळंच सांगितलं. इंग्लंडमध्येच असलेल्या, मोसमी पावसाचा थेंबही न पाहिलेल्या विमानांत तेच दोष निघाले. हॅटफिल्ड आणि लीव्हसडेनच्या कारखान्यांतलं चिकटवण्याचं काम कच्चं होतं. हवाई मंत्रालयाने मात्र विमानावरचा विश्वास ढळू नये म्हणून हवामानाचंच कारण लावून धरलं. सांधा नीट बसला नाही आणि खापर फुटलं आपल्या पावसावर. विमानप्रेमींच्या गप्पांत आजही कोणी तरी ‘उष्ण देशात सरस वितळला’ असं म्हणतोच. त्याला या चौकशीची आठवण करून द्यायला हवी. प्रत्यक्ष उपाय पुन्हा एका पट्टीचाच झाला: पंखाच्या लांबीभर, त्वचेच्या जोडावर प्लायवूडची पट्टी, पाणी आत झिरपू नये म्हणून.

युद्धातले पराक्रम सर्वांना माहीत आहेत. ३० जानेवारी १९४३ रोजी भर दिवसा बर्लिनवर जाऊन गोअरिंगचं रेडिओवरचं भाषण उधळणं असो, की फेब्रुवारी १९४४मध्ये आमियाँच्या तुरुंगाच्या भिंती फोडणं. स्वीडनहून नील्स बोर यांना बॉम्बच्या कप्प्यात बसवून इंग्लंडला आणणारं विमानही हेच. ऑक्सिजन न मिळाल्याने बोर वाटेत बेशुद्ध पडले होते. पण याच यादीत २१ मार्च १९४५चं कोपनहेगनही ठेवायला हवं. गेस्टापोच्या इमारतीवरचा हल्ला अचूकतेचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्या दिवशी एक मॉस्किटो खांबाला धडकून एका शाळेजवळ कोसळलं. मागून येणाऱ्यांपैकी काहींना तो धूरच लक्ष्य वाटला आणि त्यांनी शाळेवर बॉम्ब टाकले. ८६ मुलं गेली. या विमानाच्या चपळाईचं कौतुक करताना हा आकडा गिळून टाकणारं रसग्रहण मला अप्रामाणिक वाटतं.

युद्ध संपलं आणि लाकडाचं जे व्हायचं ते झालं. उघड्यावर राहिलेली विमानं कुजली, बाकीची जाळली, मोडली. उडणारं शेवटचं मॉस्किटो १९९६ साली बार्टनच्या प्रदर्शनात कोसळलं. आतले दोघेही वाचले नाहीत. त्यानंतर सोळा वर्षं जगात कुठेही मॉस्किटो उडालं नाही. धातूचं विमान गंजलं तरी पत्रा बदलत बदलत वाचवता येतं. इथे कुजलेलं टरफल बदलायचं तर साचाच हवा, आणि जुने साचे राहिले नव्हते.

न्यूझीलंडमध्ये ग्लिन पॉवेल यांनी ते साचे पुन्हा बनवले. वर्षानुवर्षांचं काम. त्या साच्यांवर उतरवलेल्या नव्या धडाचं के ए ११४ हे विमान तिथल्याच एव्हस्पेक्स कंपनीच्या कारागिरांनी जोडलं आणि २७ सप्टेंबर २०१२ रोजी ते तिथल्या आर्डमोरच्या धावपट्टीवरून उडालं. पुढे २०१७ साली वेल्समधल्या ब्रॉटनच्या कारखान्यात, पाडायला काढलेल्या इमारतीत, मॉस्किटोची वीस हजारांहून अधिक तांत्रिक रेखाचित्रं सूक्ष्मचित्रांच्या रूपात सापडली. पाडकाम आधी झालं असतं तर ती कचऱ्यातच जायची.

इथून रसिकांचा लाडका वाद सुरू होतो. लाकूड नवं, सरस नवा, कापड नवं. जुने उरले ते धातूचे सुटे भाग आणि इंजिनं. मग हे मॉस्किटो अस्सल कसं? कडवे म्हणतात, ही प्रतिकृती. मला हा कडवेपणा या विमानापुरता तरी चुकीचा वाटतो. बॉस्कम डाउनला डब्ल्यू ४०५०चं धड तडकलं तेव्हा त्याला चक्क दुसरं धड लावलं होतं, शेजारच्या डब्ल्यू ४०५१साठी तयार केलेलं. म्हणजे पहिला नमुनाच पहिल्या उड्डाणानंतर काही महिन्यांतच दुसऱ्या अंगाने उडू लागला होता, आणि तोच आज सॅलिसबरी हॉलच्या संग्रहालयात मूळ नमुना म्हणून मानाने उभा आहे. त्याला अस्सल म्हणायचं आणि आर्डमोरच्या विमानाला नाही, हे जमत नाही. मॉस्किटोचं अस्सलपण साच्यात आणि सांध्याच्या रीतीत आहे. विशिष्ट झाडाच्या विशिष्ट फळीत ते कधी नव्हतंच.

हे सगळं पाहायला हर्टफर्डशायरलाच जायला हवं असं नाही. डी हॅविलंडने मॉस्किटोनंतर व्हॅम्पायर हे जेट काढलं तेव्हा पंख आणि शेपटीचे दोन दांडे धातूचे केले, पण कॉकपिट सामावणारं पुढचं धड त्याच पद्धतीने, प्लायवूड-बाल्सा-प्लायवूडचं ठेवलं. १९४८पासून भारतीय हवाई दलाने व्हॅम्पायर वापरलं, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ते परवान्याखाली बनलं आणि १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या आघाडीवर ते लढलंही. दोन जणांच्या बैठकीचं नौदलाचं व्हॅम्पायर गोव्यात, दाबोळी विमानतळाजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात ठेवलेलं आहे. पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा बोगमाळोच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी तासभर तिथे काढा. विमानाच्या पोटाला प्रदक्षिणा घाला आणि लाकूड कुठे संपतं, धातू कुठे सुरू होतो, तो सांधा स्वतः शोधा.